मॉक इंटरव्ह्यूच्या आधी स्वतःचा फॉर्म वाचा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

यूपीएससी-एमपीएससीच्या मेन्सचा, म्हणजे मुख्य लेखी परीक्षेचा, निकाल लागला की पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ नुसती मॉक इंटरव्ह्यूच्या, म्हणजे सराव मुलाखतींच्या, फ्लेक्सनी भरून जाते, तुमच्या पेपरातही त्याच जाहिराती, राग मानू नका. पोरं एका मॉकमधून उठून दुसऱ्या मॉकला पळतात, कोट शिवतात, 'मला समाजसेवा करायचीय' हे घोकून पाठ करतात. पण स्वतः भरलेला फॉर्म, ज्याला ही मुलं डीएएफ म्हणतात, तो कुणी नीट वाचत नाही. आणि मुलाखत घेणाऱ्या पॅनलसमोर तर तोच कागद असतो!

आमच्याकडे तालुक्याच्या वाचनालयात आम्ही काही निवृत्त मंडळी सराव घेतो, फुकट. परवा पाटण तालुक्यातला एक मुलगा आला, हुशार, इंजिनिअर. कोयनेबद्दल विचारलं तर धरणाची उंची, १९६७ चा भूकंप, सगळं धडाधड सांगितलं. मग विचारलं, की बाबा कोयनेचं पाणी बोगद्यातून पोफळीला नेऊन वीज करतात आणि पुढे ते वाशिष्ठीतून समुद्राला जातं, इकडे आपल्याच जिल्ह्यात माण-खटावला टँकर लागतात, तर हे पाणी पूर्वेकडेच का ठेवू नये? गप्प. आता याला एकच बरोबर उत्तर नाहीच आहे. वीज पण लागते, पश्चिमेकडे किती वळवायचं याला कृष्णा लवादाने ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा घातलीय, शिवाय पाणी वर उचलायला परत वीजच लागणार, म्हणजे दोन्ही बाजू मांडून मग स्वतःचं मत सांगायचं, एवढंच तर बघायचं असतं पॅनलला. यूपीएससीच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की ही उलटतपासणी नाही, गप्पांसारखं पण दिशा असलेलं बोलणं आहे.

छंदाच्या रकान्यात 'वाचन' लिहिणाऱ्यांची तर वेगळीच तऱ्हा. शेवटचं काय वाचलं म्हटलं की करंट अफेअर्सचं मासिक!

यूपीएससीत लेखीचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ मार्क, आता एमपीएससीच्या राज्यसेवेलाही तसंच झालंय, त्यामुळे खर्च करणाऱ्यांना मी दोष देत नाही. एखादी मॉक जरूर द्या, पाय लटपटणं कमी होतं. पण आधी दोन संध्याकाळी फॉर्म घेऊन बसा, गाव, आडनाव, डिग्री, मधली गॅप, प्रत्येक शब्दावर पाच उलटे प्रश्न स्वतःच काढा आणि घरच्यांना विचारायला लावा, आजोबांना तर नक्कीच, ते आडवे प्रश्न फार छान विचारतात. प्रायव्हेट नोकरीलाही हेच, रेझ्युमेत लिहिलेला प्रोजेक्ट सांगता आला पाहिजे.

आपल्या नोकरीविषयक पुरवणीत टॉपर्सच्या फोटोंऐवजी कधीतरी एकेका जिल्ह्यावर असे प्रश्न छापाल का? साताऱ्याचे आम्ही पाठवतो.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, कराड