नोटीस दिली आहे, पाणी तोडायचं नाही

पुणे, 26 ऑक्टोबर 2025

चि. बाळा, अनेक आशीर्वाद.

फोनवर तू चिडलास की मला काही सुचत नाही आणि जे सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

धनत्रयोदशीच्या सकाळी खालच्या भाडेकरूंच्या, आपल्या टेलर मास्तरांच्या नळाला पाणी नव्हतं. मला वाटलं टाकीचाच काही प्रॉब्लेम असेल, म्हणून प्लंबरला बोलावलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला, म्हणाला काकू दादांनीच फोन करून खालचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलाय. मला काय वाटलं असेल याचा विचार कर. ऐन दिवाळीत, त्यांच्या घरात आजारी माणूस असताना, आणि मला न विचारता. मी तिथल्या तिथे व्हॉल्व्ह उघडायला लावला आणि खाली जाऊन मास्तरांची माफी मागितली. बाबांना यातलं काहीच सांगितलेलं नाही, त्यांचं बीपी तुला माहितीये.

आता तुझं म्हणणं की भाडं देत नाहीत तर फुकट पाणी कशाला. अरे, तेरा हजार पाचशे थकलेत हे मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, महिना नऊशे प्रमाणे जून 2024 ते ऑगस्ट 2025 असे पंधरा महिने. पावतीपुस्तक माझ्याच कपाटात असतं. पण त्यासाठीच तर वकिलांकडून रीतसर नोटीस दिलीये ना. भाडं थकलंय म्हणून भाडेकरूचं पाणी किंवा लाइट तोडणं हा आपल्या भाडे नियंत्रण कायद्यात गुन्हा आहे, कलम 29. प्रॉपर्टी कार्डावर तुझंही नाव आहे, नोटिशीतही आहे, म्हणजे उद्या मास्तर कोर्टात म्हणाले की यांनी आमचं पाणी बंद केलं तर ते आपल्या तिघांवर येणार. आणि कोर्टाचं सोड, ज्या माणसाने पहिलीपासून दहावीपर्यंत तुझे शाळेचे युनिफॉर्म शिवले त्याच्या घरचं पाणी तोडावं असं तुझ्या मनात आलंच कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

नोटीस कशी दिली तेही सांगते, कारण तुला वाटतंय आम्ही वेळ काढतोय. सप्टेंबरात वकिलांनी पोस्टाने पाठवली. आता ते रजिस्टर एडी वेगळं राहिलं नाही, स्पीड पोस्टातच घातलंय. पाकीट आठ-दहा दिवसांनी परत आलं, पोस्टमन आला की दाराला कुलूप. मला वाटलं मास्तर मुद्दाम टाळतायत, राग पण आला. वकील म्हणाले घरी जाऊन हातात द्या, ते नसतील तर घरातल्या कुणाकडेही दिली तरी चालते, आणि तेही जमलं नाही तर दारावर चिकटवा. चिकटवायला मी नाही म्हटलं, सगळ्या आळीनं येता-जाता वाचली असती. मग 14 ऑक्टोबरला मीच खाली गेले. मास्तर नव्हते, सुनेनं घेतली आणि सही करताना रडायला लागली. तेव्हा कळलं की मास्तरांच्या बायकोचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे, म्हणून दाराला कुलूप असायचं. एकाच घरात वर-खाली राहतो आपण आणि मला माहीत नाही! मी भाडं मागायला गेले की मास्तर फक्त म्हणायचे पुढच्या महिन्यात देतो वहिनी. एका शब्दानं बोलले असते तर.

तरी नोटीस मागे घेतली नाही, हेही नीट समजून घे. वर्षाला चार टक्के वाढ कायद्यानं घेता येते, ती आपण कधीच घेतली नाही. महापालिकेचा टॅक्स मात्र आपणच भरतो, आणि तीन वर्षांच्या मागची थकबाकी कोर्टात मागताच येत नाही. गप्प बसून राहणं मला बरोबर वाटत नाही, त्यांच्यासाठीही नाही, कारण आकडा वाढतच जातो.

आता त्यांना नव्वद दिवस आहेत, ते 12 जानेवारीला पुरे होतात. त्याच्या आत सगळं भरलं तर थकबाकीसाठी दावा लावता येत नाही. तू म्हणतोस मग काय उपयोग, खोल्या रिकाम्या झाल्या पाहिजेत, बिल्डर थांबणार नाही. दावा लावल्यावरसुद्धा समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत पंधरा टक्के व्याजासकट पैसे कोर्टात भरले आणि पुढचं भाडं वेळेवर देत राहिले तर या कारणावर त्यांना काढता येत नाही. कायदा तसाच आहे, आणि मला तो पटतो. मी नोटीस भाड्यासाठी दिलीये, बिल्डरसाठी नाही. बिल्डरचं काय ते आपण मास्तरांना समोर बसवून बोलू, त्यांनाही नवीन जागा मिळायला हवी.

भाऊबीजेला मास्तरांची सून वर आली होती, सत्तावीसशे घेऊन, तीन महिन्यांचे. मी लगेच पावती दिली, वकिलांना फोन करून त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, थकबाकीपोटी जमा, नोटिशीतले हक्क राखून. म्हणजे जुने दहा हजार आठशे राहिले, वर सप्टेंबर-ऑक्टोबरचे.

प्लंबरला परत फोन करू नकोस. मास्तरांना कर. ते दुपारी दोननंतर मशीनवर बसलेले असतात, नंबर तोच जुना आहे. काय बोलायचं ते तुझं तू ठरव, पण पाण्याचं तू केलंस हे तुझ्या तोंडून कळू दे त्यांना, माझ्या नको.

आणि आजोबांच्या वेळच्या पावत्यांचे फोटो तू काढून ठेवले होतेस ना, ते पाठव. वकिलांनी मागितलेत. जेवण वेळेवर कर.

तुझी
आई