भरतीच्या पोरांना एचएमबीचे डबे कशाला?

मा. संपादक,

गोल्फ क्लब मैदानावर पहाटे पोलीस भरतीची पोरं पळत असतात, बरीचशी पेठ-सुरगाण्याकडची, पंचवटीत खोली करून राहिलेली. हल्ली त्यांच्या बॅगेत एचएमबीचा, म्हणजे स्नायूंसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या एका सप्लिमेंटचा डबा दिसायला लागलाय. परवा एकाने मला दाखवला, मेसचे पैसे मागे ठेवून घेतलेला, म्हणाला सर यानं दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येत नाहीत, दुकानदार बोलला सायन्समध्ये प्रूव्ह झालंय.

एचएमबी म्हणजे काही भलतंसलतं नाही, ल्युसिन नावाच्या अमिनो ॲसिडपासून (प्रथिनांतला एक घटक) आपल्याच शरीरात थोडंसं बनतं, ल्युसिनच्या साधारण ५ टक्के. १९९६ साली अमेरिकेत आयोवात याचा अभ्यास झाला, त्यात नव्याने वजनं उचलायला लागलेल्या माणसांना रोज ३ ग्रॅमपर्यंत दिलं तर स्नायूंची झीज कमी दिसली, हे खरंय. पण रोज घाम गाळणाऱ्यांचं काय? २०१८ मध्ये तयारीच्या खेळाडूंवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तर ताकद आणि शरीरातलं स्नायू-चरबीचं प्रमाण, दोन्हीत फरक सापडला नाही. २०१४ च्या एका अभ्यासात १२ आठवड्यांत ७.४ किलो स्नायू वाढल्याचा दावा होता पण त्या आकड्यांवर इतर संशोधकांनीच उघड शंका घेतली. म्हाताऱ्या माणसांना १० दिवस अंथरुणावर ठेवून केलेल्या अभ्यासात मात्र स्नायू टिकायला मदत झालेली दिसते, म्हणजे ते वाईट आहे असं माझं म्हणणं नाहीये, या पोरांना त्याची गरज नाही एवढंच.

आणि पोटऱ्यांचं म्हणाल तर नवीन व्यायामाने पहिल्यांदा पाय भरतात, दोन-तीन दिवस दुखतात, तोच व्यायाम परत केला की दुखणं आपोआप कमी होतं, स्नायू सरावतात. पोरगं पहिल्या आठवड्यानंतर डबा आणतं, पाय दुखायचे थांबतात, श्रेय डब्याला जातं!! याचा मला फार त्रास होतो कारण त्याच पैशात महिनाभर अंडी, दूध, मटकी, शेंगदाणे झाले असते, ज्यात ल्युसिन आहेच आणि पोटही भरतं.

तुमच्या आरोग्य पानावर हे सगळं सोप्या मराठीत एकदा छापा, भरतीची तारीख लागायच्या आधी छापा. आणि ॲकॅडमी चालवणाऱ्या सरांना कळकळीची विनंती, डबा घ्यायला सांगण्याआधी पोरगं रात्री काय जेवलं आणि किती झोपलं ते विचारा.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सिडको, नाशिक