मनगटाजवळची थरथर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी दोन पत्रे येऊन पडली आहेत आणि मी एकाचेही उत्तर दिले नाही, याबद्दल रागावू नकोस. बाबांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. ज्या घराची पायरी मी ११ वर्षे चढलो नव्हतो, त्याच घरात गेले पाच महिने राहतो आहे. ते भांडण तुला नव्याने सांगायला नको, कारण त्या रात्री मी बॅग घेऊन तुझ्याच दारात उभा राहिलो होतो.

आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला चार तास, असे त्यांचे डायलिसिस चालते. त्यासाठी डाव्या मनगटाजवळ शस्त्रक्रिया करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडली आहे. तिला फिस्टुला म्हणतात. ती सुया टोचण्याजोगी होईपर्यंत काही आठवडे जावे लागले आणि तोवर मानेतल्या शिरेत घातलेल्या नळीवर, म्हणजे कॅथेटरवर भागवले. त्या हाताला रक्तदाबाची पट्टी बांधायची नाही, तो अंगाखाली घेऊन झोपायचे नाही आणि रोज शिरेवर बोटे ठेवून आतली थरथर जाणवते की नाही ते पाहायचे. ती थांबली, तर गुठळी झाली असावी असे धरून लगेच रुग्णालय गाठायचे. मधुमेहामुळे बाबांच्या बोटांची संवेदना गेली आहे, त्यामुळे हे काम माझ्याकडे आले.

पहिल्या दिवशी त्यांनी खिडकीकडे तोंड करून हात पुढे केला. मी दोन बोटे टेकवली. कातडीखाली काहीतरी अखंड घरघरत होते, आणि इतक्या वर्षांनी मी त्यांना हात लावतो आहे हे मला तेव्हाच जाणवले. "आहे का?" त्यांनी विचारले. "आहे," मी म्हणालो. पुढचे कित्येक दिवस आमचे बोलणे एवढेच होते.

नातेवाईक म्हणतात, झाले गेले विसर, आता ते आजारी आहेत. मला ते पटत नाही. आजारपणामुळे त्यांचे त्या वेळचे शब्द खोटे ठरत नाहीत, आणि ते शब्द मनात असूनही मी त्यांचे औषध वेळेवर देऊ शकतो, हे मी रोज अनुभवतो आहे. मात्र राग संपलेला नाही, हे तुझ्यापासून लपवणार नाही. लघवी जवळजवळ बंद असल्यामुळे त्यांना दिवसाला पाऊण लिटरच द्रव चालते. एका रात्री ते अंधारात घटाघटा पाणी पिताना दिसले आणि मी ओरडलो, तेही हुबेहूब त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच "अक्कल आहे का?" या शब्दांत. त्यांनी पेला हळूच खाली ठेवला आणि पुसण्याची गरज नसताना त्याच्याखालची जागा बाहीने पुसली. लहानपणी त्यांच्यासमोर मी असाच गप्प व्हायचो. मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी माझी मागितलेली नाही, आणि मागतील अशी वाट पाहणे मी अजून सोडू शकलेलो नाही.

थकवा फार आला आहे. यंत्राशेजारच्या खुर्चीवर चार तास बसून पाठ धरते, रात्री त्यांचा श्वास ऐकत जागा राहतो, आणि कधी कधी हे सगळे एकदाचे संपावे असेही वाटून जाते. हे मी दुसऱ्या कुणालाही सांगू शकत नाही.

पत्र लिहायला बसलो त्याला कारण परवाचे आहे. तिसरा तास चालू होता, रक्तदाब उतरल्यामुळे नर्सने त्यांचे पाय वर करून ठेवले होते, आणि डोळे मिटलेलेच ठेवून बाबांनी विचारले, "त्या रात्री तू झोपलास कुठे?" ११ वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी केला नव्हता. मी तुझे नाव सांगितले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जेवला होतास का?" मी हो म्हणालो. "त्याला एकदा बोलाव," एवढे बोलून त्यांनी मान वळवली.

तेव्हा जमल्यास पुढच्या आठवड्यात ये. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्यांना जरा बरे असते, त्या दिवशी आलास तर उत्तम. तू त्यांच्याजवळ बसलास, तर मलाही दुपारी दोन तास झोप मिळेल.

तुझाच,
जुना मित्र