महसूलमंत्र्यांना खुले पत्र: निघालेला दगड मोजता, तशी उभी राहिलेली भिंतही मोजा

मा. महसूलमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या खदानीवर महसूल खात्याचे पथक आले की ईटीएस मशीन, म्हणजे अंतर आणि कोन मोजून खड्ड्याचे आकारमान काढणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र, लागते. किती ब्रास दगड निघाला, रॉयल्टी किती भरली, फरकावर दंड किती बसतो, सगळे काटेकोर निघते. ते निघायलाच हवे. पण ज्या उभ्या भिंतीसमोर ते मशीन मांडलेले असते, तिच्यात भेगा किती आहेत आणि त्या कुठे कलल्या आहेत, याचा उल्लेख मी पाहिलेल्या एकाही अहवालात नव्हता. तो यावा म्हणून हे पत्र लिहितो आहे.

आमचा काळा पाषाण टणक, म्हणून त्याची भिंतही पक्की, असे सगळेच धरून चालतात. तसे नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. थंड होताना आक्रसले आणि तडकले. खडीला सगळ्यात चांगला मानला जाणारा घट्ट काळा दगडच उभ्या-आडव्या सांध्यांनी, म्हणजे नैसर्गिक भेगांनी, जास्त चिरलेला असतो. पोकळ्यांत पांढरे खनिज भरलेल्या, दिसायला दुबळ्या थरात सांधे बहुधा कमी असतात. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातकट पट्टा येतो. पाणी लागले की तो मऊ पडतो, झिजून आत जातो आणि वरचे खांबासारखे दगड अधांतरी राहतात. अशा दगडाचा एक घनमीटर तुकडा पावणेतीन टनांच्या आसपास भरतो. खाली ड्रिलवाला उभा असतो, पोकलेन चालू असते.

भेगा मोजण्याची रीत जुनी आहे. खडकाचा दर्जा सांगणारा आरक्यूडी हा आकडा ड्रिलिंगच्या गाभ्यावरून, म्हणजे ड्रिलने बाहेर काढलेल्या दगडाच्या दांडीवरून, काढतात: १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज एकूण लांबीच्या किती टक्के, ते. खदानीत गाभा नसला तरी अडत नाही. घनमीटरमागे भेगा मोजायच्या, त्या संख्येला ३.३ ने गुणायचे आणि ११५ मधून वजा करायचे; नॉर्वेचे भूशास्त्रज्ञ पाल्मस्ट्रॉम यांनी १९८२ साली दिलेले हे सूत्र आहे. घनमीटरमागे १२ भेगा असतील तर उत्तर ७५ च्या आसपास, म्हणजे खडक ‘चांगला’.

आणि घात इथेच होतो. आरक्यूडीला दिशा कळत नाही. ७५ आला तरी एखादी लांब, गुळगुळीत, मातीने भरलेली भेग खाणीकडे कललेली असेल, तर तिच्यावरचा सगळा दगड घसरून येऊ शकतो. दोन भेगा आत एकमेकींना छेदत असतील तर पाचर सुटते. उभे खांब पुढे झुकले तर उलथतात. म्हणून स्पेनचे अभियंते रोमाना यांनी १९८५ मध्ये उतारांसाठी जी गुणपद्धत दिली, तिच्यात भेगेची दिशा वाईट असेल तर १०० पैकी ६० पर्यंत गुण कापले जातात. बेशिस्त सुरुंगाचे आणखी ८ जातात. हे सुरुंगाचे गुण मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण निसर्गाने दिलेल्या भेगा आपण बदलू शकत नाही. जास्त दारू ठासून नव्या भेगा पाडणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

पावसाळ्यात उभ्या भेगा पाण्याने भरतात. ५ मीटर पाणी साचले तर भेगेच्या तळाशी चौरस मीटरमागे ५ टनांचा दाब दगडाला बाहेर ढकलतो. त्यामुळे जूनआधी आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर, अशी दोनदा पाहणी हवी. सुटे दगड वरून पहारीने पाडून घेतल्याशिवाय खाली कोणालाही उतरवू नये.

सुरक्षेचा विषय केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचा आहे, हे मला ठाऊक आहे. १९६१ च्या धातुखाण विनियमांत विशेष परवानगीशिवाय कठीण जमिनीतही ६ मीटरपेक्षा उंच बेंच (खाणीच्या भिंतीत पाडलेली पायरी) नको आणि कड खालून पोखरायची नाही, असे स्पष्ट आहे. पण खाणपट्टा आपले खाते देते, नूतनीकरणही आपल्याच खात्याकडे येते आणि वर्षातून सगळ्यात जास्त वेळा खदानीच्या तोंडाशी आपलेच लोक उभे असतात. ईटीएस मोजणीच्या अहवालाला एक पान जोडायला लावा: सांध्यांचे गट, कल, दिशा, अंतर, आतले भरण, पाणी, बेंचची उंची आणि समोरून काढलेला फोटो. सांधे कसे नोंदवायचे, याचे भारतीय मानक आयएस ११३१५ तयारच आहे. लागतो तो होकायंत्र, टेप, हातोडा आणि भूशास्त्र शिकलेला एक माणूस. आमच्या महाविद्यालयांतून अशी मुले बाहेर पडतात आणि नोकरी शोधत पुण्याला जातात.

त्या पाहणीत वडार समाजातला एखादा जुना पाथरवट सोबत घ्यावा, ही माझी आग्रहाची विनंती. सुतकीचा, म्हणजे दगड फोडायच्या जड हातोड्याचा, घाव पडला की खणखणीत वाजणारा दगड आणि बद्द वाजणारा दगड त्याला कानावर कळतो. बद्द आवाज म्हणजे मागे भेग सुटलेली आहे. नोंदवहीत त्याचे मत त्याच्या नावानिशी यावे आणि त्या दिवसाची मजुरी त्याला मिळावी.

समृद्धी महामार्ग जालना आणि संभाजीनगरमधून गेला, गावोगावचे रस्तेही होत आहेत. खडीची मागणी कमी होणार नाही, व्हावी असेही मी म्हणत नाही. येत्या पावसाळ्याआधी मराठवाड्यातला कोणताही एक जिल्हा निवडा आणि तिथल्या चालू खदानींपासून सुरुवात करा. तलाठी, मंडळ अधिकारी आणि खनिकर्म कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष खदानीवर भेगा मोजायला शिकवण्यासाठी मी मानधन न घेता येईन.

आपला,
भूशास्त्राचा एक शिक्षक, परभणी