सी-व्ह्यूचे पैसे घेतले, मग समुद्र का नाही दाखवला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, सांताक्रूझ स्टेशन ते जुहू ही त्यांची बरीच वर्षांची ड्युटी, आणि जुहूच्या त्या मोठमोठ्या हॉटेलांची गेटं त्यांनी आयुष्यभर बसच्या दारातून बघितलेली. एकदा सहज बोलता बोलता म्हणाले होते की आतून समुद्र कसा दिसत असेल गं, ते माझ्या डोक्यात राहिलं होतं. म्हणून मी वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकले आणि त्या दोघांसाठी एका रात्रीची रूम बुक केली. हॉटेलचं नाव मी इथे लिहीत नाही कारण तक्रार अजून चालू आहे, पण जे झालं ते लोकांना कळायला पाहिजे.

साधी रूम १४,००० ची होती आणि सी-व्ह्यू १८,५००. मी सी-व्ह्यूच घेतली, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३,३३०, एकूण २१,८३०, आणि सगळे पैसे आधीच भरायचे, नॉन-रिफंडेबल. चेक-इन ३ चं, आम्ही अडीचला पोचलो आणि रूम हातात आली पावणेपाचला. ७६ वर्षांचा माणूस सव्वादोन तास लॉबीत बसून होता आणि दर वेळी विचारलं की "मॅम, जस्ट टेन मिनिट्स". वर कार्डावर ५,००० चं डिपॉझिट ब्लॉक केलं ते वेगळंच, ते सुटायला नंतर नऊ दिवस लागले.

रूममध्ये गेल्यावर बाबांनी आधी पडदा सरकवला. समोर शेजारच्या बिल्डिंगची मागची भिंत, खाली एसीची मोठी मोठी युनिटं घरघर करतायत, आणि खिडकीच्या अगदी डाव्या कोपऱ्यात काचेला गाल लावून उभं राहिलं तर दोन भिंतींच्या फटीतून हातभर समुद्र. बाबा तसेच काचेला गाल लावून उभे राहिले आणि मला म्हणाले, दिसतो की गं, दिसतो. माझं मन राखायला म्हणत होते ते मला कळत होतं. मी खाली जाऊन विचारलं तर डेस्कवरचा मुलगा म्हणाला की आमच्याकडे सी-व्ह्यूमध्ये पार्शल व्ह्यूपण येतो, टर्म्स अँड कंडिशन्समध्ये आहे. बुकिंग करताना फोटो दाखवला तो अख्ख्या खिडकीभर समुद्राचा, मग तो फोटो कुठल्या रूमचा होता? दुसरी रूम द्या म्हटलं तर हॉटेल फुल, लग्नाची पार्टी आहे.

आता बाथरूमचं सांगते, कारण आईला खरा त्रास तिथे झाला. बाथरूम आणि बेडरूमच्या मध्ये भिंतच नाही, अख्खी काच, आणि त्या काचेवरचा पडदा बटणाने खाली यायचा तो अर्ध्यावर अडकलेला. हनिमूनला आलेल्या जोडप्यांना आवडत असेल, पण माझी आई चाळीच्या कॉमन नळावर पदर सावरत आयुष्य काढलेली बाई आहे, तिला नवऱ्यासमोर काचेच्या पेटीत आंघोळ करायची कल्पनासुद्धा सहन होईना. शेवटी तिने स्वतःची नेसायला आणलेली दुसरी साडी वरच्या पट्टीवरून टाकली आणि खालून दोन पिना लावून काच झाकली. सकाळी मी गेले तेव्हा ती साडी तशीच लटकत होती, खालचा काठ ओला झालेला. त्यात शॉवर टबाच्या आत, टबाची कड माझ्या गुडघ्याच्याही वर, धरायला दांडी नाही, आणि आईचे दोन्ही गुडघे गेलेले. मेंटेनन्सला तीन फोन केले, पडदा नीट करायला कोणी आलं नाही. हाऊसकीपिंगच्या एक मावशी आल्या, त्यांनी बघितलं आणि कुणाला न विचारता कुठूनतरी प्लास्टिकचं स्टूल, बादली आणि मग आणून दिला. अख्ख्या हॉटेलात माणसासारखं त्याच वागल्या आणि त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, हे मी लेखी तक्रारीतपण लिहिलंय.

बाबांना डायबिटीस आहे, इन्सुलिनचं नवीन पेन थंड ठेवावं लागतं. घरून बर्फाच्या पिशवीत आणलं होतं, ते रूममधल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवायला जागा नव्हती, सगळा फ्रिज ज्यूस-चॉकलेटने भरलेला. म्हणून बाबांनी एक ज्यूसची बाटली आणि एक चॉकलेट उचलून खालच्या कप्प्यात सरकवलं आणि पेन ठेवलं. बास एवढंच. सकाळी बिलात मिनीबारचे ७८० रुपये! फ्रिजला सेन्सर असतो म्हणे, वस्तू जागेवरून उचलली की आपोआप बिल लागतं. फ्रिजवर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं. मी म्हटलं वर जाऊन बघा, बाटली सीलबंद आहे, चॉकलेट आहे तसंच आहे, तरी वीस मिनिटं डेस्कवर उभं करून ठेवलं आणि मग एकाने वर जाऊन मोजलं आणि ते पैसे बिलातून काढले. ती वीस मिनिटं बाबा बाजूला हात बांधून उभे होते. ज्या माणसाने नोकरीभर रोज संध्याकाळी डेपोत तिकिटांचा पै-पैचा हिशोब दिला त्याच्यावर चॉकलेट खाऊन नाही म्हणतोय असा संशय घ्यायची वेळ आणली, हे मी विसरू शकत नाही. माझा जीव तुटला त्याक्षणी.

रात्री आम्ही तिघं तिथल्याच रेस्टॉरंटमध्ये जेवलो. जेवण बरं होतं, बिल ५,२००. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ५२०, आणि मग त्या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के असतो पण महागड्या रूमवाल्या हॉटेलात जेवणालाही १८ लागतो, तो नियमच आहे, त्याबद्दल मी भांडत नाही. पण सर्व्हिस चार्ज हा टॅक्स नाही! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या गाईडलाइन्स आहेत की तो बिलात आपोआप लावायचा नाही, गिऱ्हाइकावर जबरदस्ती करायची नाही, तो बिलात धरून त्यावर जीएसटीही लावायचा नाही. हॉटेलवाले त्याविरुद्ध कोर्टात गेले होते आणि दिल्ली हायकोर्टाने २८ मार्च २०२५ ला त्या गाईडलाइन्स कायम ठेवल्या. मी हे कॅप्टनला सांगितलं तर तो म्हणाला मॅडम ही आमची पॉलिसी आहे. आई टेबलाखालून माझा हात दाबत होती, आजच्या दिवशी नको म्हणून, त्यामुळे मी भरले आणि बिल जपून ठेवलं.

मी दहाला घरी मुलुंडला निघाले. साडेअकराला आईचा फोन, लॉनवर लग्नाचा डीजे चालू आहे, खिडकीची काच थरथरतेय. उघड्यावर रात्री १० नंतर लाऊडस्पीकर लावायला बंदी आहे हे मुंबईत शेंबड्या पोरालाही माहितीय, गणपतीत आपल्या मंडळांना लगेच नोटिसा येतात, मग या लॉनला कोण विचारणार? डेस्कने आईला सांगितलं की मॅम, इयरप्लग पाठवतो. मी घरून ११२ ला फोन केला, साडेबाराला आवाज बंद झाला.

नंतर माहिती काढली तेव्हा अजून एक कळलं. जाहिरातीत फाइव्ह स्टार लिहिलेलं प्रत्येक हॉटेल स्टार मिळालेलं असेलच असं नाही. स्टार देते केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती, ते पाच वर्षांसाठी असतात आणि अर्ज करणं हॉटेलच्या मर्जीवर असतं. या हॉटेलला मी ईमेलवर तीनदा विचारलं की तुमचं सर्टिफिकेट कधीपर्यंतचं आहे, उत्तरात फक्त "लक्झरी एक्सपिरियन्स" एवढंच येतं. म्हणून कुणी आईवडिलांसाठी अशी रूम घेत असाल तर आधी फोन करून रूम नंबर मागा, त्याच रूमच्या खिडकीतला फोटो मागा, बाथरूमला भिंत आहे का, धरायला दांडी आहे का विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. मी हे केलं नाही, मोठं हॉटेल आहे म्हणजे नीटच असणार असं धरून चालले.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय. माझी मागणी साधी आहे, सी-व्ह्यूचे जास्तीचे ४,५०० आणि त्यावरचा जीएसटी ८१०, सर्व्हिस चार्ज ५२० आणि त्यावरचा टॅक्स, सगळे मिळून साधारण ५,९२४ रुपये परत करा आणि बाबांना माफीचं पत्र द्या. हॉटेलचा फोन आला होता, पुढच्या स्टेवर १५ टक्के डिस्काउंट देतो म्हणाले. मी नाही म्हटलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही.

आई म्हणते जाऊ दे, झालं ते झालं. बाबा काही बोलत नाहीत, पण परवा त्यांनी स्वतः फाइल आणली आणि सगळी बिलं तारखेप्रमाणे पंच करून लावली, वर त्यांच्या कंडक्टरच्या वळणदार अक्षरात रूम नंबर लिहिलाय.

आपली,
एक वाचक, मुलुंड, मुंबई