सिलेंडरचे 'वरचे' पैसे नेमके कशाचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गॅस सिलेंडर आणून देणारा माणूस दारात वरचे पैसे मागतो यात आता कोणालाच काही वाटेनासं झालंय. एप्रिल २०२५ मध्ये सिलेंडर ५० रुपयांनी महागला तेव्हा सगळीकडे ओरड झाली, पण दारात दर वेळी जे चाळीस-पन्नास जातात त्यांची ना पावती ना बातमी. खरं तर सिलेंडरच्या दरात घरपोच डिलिव्हरीचे पैसे आधीच धरलेले असतात, मग तुम्ही तळमजल्यावर राहा नाहीतर चौथ्या. उलट स्वतः गोडाऊनवरून नेला तर डिलिव्हरीचा भाग बिलातून कमी करून मिळायला पाहिजे असा नियम आहे, आता असे पैसे कमी करून मिळालेला माणूस कोणाला भेटला असेल तर मलाही भेटवा!

आमच्याकडे डोंबिवलीत जुन्या बिल्डिंगी, लिफ्ट नाही, त्यामुळे मजल्याप्रमाणे रेटच ठरून गेलाय. ऑनलाइन पैसे भरले तर आणखी पंचाईत, कारण मग सुट्टे नाहीत म्हणून वरचे ठेवून घ्यायची सोय राहत नाही, मग तो दारातच उभा राहतो, "ताई, बघा ना काहीतरी", आणि नाही दिले तर पुढच्या वेळी घर बंद होतं म्हणून सिलेंडर परत. माझ्या सासूबाई गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत, घर बंद कसं असेल?

सिलेंडर परस्पर दुसरीकडे जाऊ नये म्हणून मोबाइलवर कोड यायला लागला, चांगलं केलं. पण इथे सकाळीच फोन, "गाडी निघालीये, कोड सांगा", सांगितला की लगेच डिलिव्हरी झाल्याचा मेसेज, आणि सिलेंडर उगवतो दुसऱ्या दिवशी. शेजारच्या काकूंचं कनेक्शन अजून काकांच्या नावावर आहे, काका गेले, तो नंबर बंद पडला. मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती दिली की नाव बदलून मिळतं, पण एजन्सीत त्यांना सांगितलं की नवीन कनेक्शनच घ्या आणि शेगडी पण आमच्याकडचीच घ्यावी लागेल. शेगडीची अशी सक्ती करताच येत नाही हो, पण काउंटरवरच्या माणसाशी भांडणार कोण, त्या बिचाऱ्या मुकाट्याने परत आल्या.

वजनाचंही तेच. आत १४.२ किलो गॅस आणि रिकाम्या सिलेंडरचं वजन वर लिहिलेलं असतं, त्याची बेरीज काट्यावर दिसली पाहिजे, त्यासाठी काटा सोबत ठेवायचा असतो. मागितला की "खाली गाडीत आहे". बरं, मग आण, तर बिघडलाय.

त्या पोराचा मला राग नाही. तीस किलोच्या आसपासचं ओझं खांद्यावर घेऊन चार मजले चढायचे म्हणजे काय ते त्यालाच माहीत, आणि विचारलं तर सांगतो की एजन्सी धड पगार देत नाही, यावरच भागवायचं. तो म्हणतो ते खरं असेल तर डिलिव्हरीचे पैसे आपण दोनदा देतोय, एकदा बिलात आणि एकदा दारात. बिलातले जातात कुठे हे एजन्सीला विचारायला नको का?

एजन्सीत विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आम्ही कोणाला घ्यायला सांगत नाही, तुम्ही देऊ नका." टोल फ्रीवर तक्रार केली तर ती फिरून त्याच एजन्सीकडे येते आणि मग तिथूनच आपल्याला फोन, मॅडम तक्रार मागे घ्या. कंपन्यांनी दरातला डिलिव्हरीचा भाग किती आणि स्वतः नेल्यास किती कमी होतील हे प्रत्येक एजन्सीच्या काउंटरवर आणि टेम्पोवर मोठ्या मराठी अक्षरात लावावं. आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे ती त्याच्याच हातात देणं तरी आधी बंद करावं.

एक गृहिणी, डोंबिवली (पूर्व)