धूर दिसत नाही, पण आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीत सध्या विजेवरच्या इंडक्शन शेगडीचं वारं आहे. परवाच्या मीटिंगमध्ये एक काका म्हणाले, गॅस परदेशातून येतो, वीज आपली, शिवाय धूर नाही. गॅसचं खरंच आहे. सिलेंडरमधला निम्म्याहून जास्त गॅस बाहेरचा, तोही बहुतेक आखातातून, होर्मुझच्या चिंचोळ्या समुद्री वाटेनं येणारा. आणि पाइपचा गॅस म्हणजे घरचा असंही समजू नका, देशाला लागणारा साधारण निम्मा नैसर्गिक गॅस आयातच होतो, त्यातला बराचसा कतारहून थंडगार द्रव करून बोटीनं गुजरातेत दहेजला येतो आणि तिथे परत त्याचा गॅस करून पाइपात सोडतात.

पण धूर नाही? मी मूळचा चंद्रपूरचा, मला हसूच आलं. धूर आहे हो, तुमच्या किचनमध्ये नाही एवढंच. देशातली 70 टक्क्यांच्या आसपास वीज कोळशावर होते. शाळेत कोयना पाठ केलेली असते म्हणून सगळ्यांना वीज म्हटलं की धरण आठवतं, पण कोयनेचे सगळे टप्पे मिळून 1960 मेगावॅट आणि चंद्रपूरचं कोळशावरचं थर्मल वीज केंद्र एकटं 2920. त्यात कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो, बाकीची चिमणीतून नि कूलिंग टॉवरमधून हवेत जाते, आणि राख उरते ती वेगळीच.

इंडक्शन घेऊ नका असं नाही, आमच्याकडेही आहे, चहा पटकन होतो. आखातात काही बिनसलं तर तेच कामाला येईल. दुपारी सोलरची वीज भरपूर असते तेव्हा कुकर लावला तर उत्तमच, पण आपली पोळी-भाजी सकाळी सातला नि रात्री आठला, नेमकं कडक ऊन नसतं तेव्हा!

वीज कंपनीकडे माझं मागणं एवढंच, लाइटबिलावर दोन ओळी छापा, या महिन्याची वीज कोळशातून किती, पाण्यातून किती, वारा, ऊन, तारापूरसारखी अणुवीज किती. बिलात 'इंधन समायोजन आकार' असा एक रकाना आहेच. इंधनाचे पैसे घेताच आहात, तर कुठलं इंधन तेही लिहा की शेजारी.

आपला,
एक वाचक, पुणे